आंबा घाटापासून आंग्रिया बँकेपर्यंत: अरबी समुद्रात बुडालेलं पठार आणि अंधारात वाढणारे प्रवाळ

शाहूवाडी तालुक्यात आंब्याजवळ पाऊस पडतो तेव्हा त्या पाण्याचे दोन रस्ते होतात. घाटमाथ्याच्या पूर्वेला पडलेलं पाणी कडवी नदीतून वारणेला, वारणेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. पश्चिमेला पडलेलं पाणी मात्र घाट उतरतं, साखरप्याकडून काजळी नदीने पुढे जातं आणि रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत अरबी समुद्राला मिळतं.

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याने प्रवास करणारे बहुतेक लोक समुद्र दिसला की थांबतात. नकाशाही तिथे निळा होतो आणि संपल्यासारखा वाटतो. पण जमीन तिथे संपत नाही, ती पाण्याखाली पुढे जात राहते. किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून जास्त आत गेल्यावर पाण्याखाली एक मोठं पठार लागतं. त्या पठारावर प्रवाळांची वस्ती आहे. त्याचं नाव आंग्रिया बँक.

मलकापूरहून सरळ रेषेत मोजलं तर हे पठार साधारण दोनशे किलोमीटरवर येतं. पुणंही जवळपास तितकंच लांब आहे. पुण्याला शाहूवाडीतले हजारो लोक जाऊन आलेत. आंग्रिया बँकेचं नाव मात्र कोकणातल्याही अनेकांनी ऐकलेलं नाही.

हे पठार नेमकं काय आहे? शास्त्रज्ञ तिथे कशासाठी गेले? आणि ते वाचवायचं म्हटलं तर अडतं कुठे?

आंग्रिया बँक म्हणजे काय?

नावातली 'बँक' पैशांची नाही. समुद्रतळातून वर आलेल्या, माथा सपाट असलेल्या उंचवट्याला दर्यावर्दी लोक बँक म्हणतात. 'आंग्रिया' हा 'आंग्रे' या आडनावाचा इंग्रजी अपभ्रंश. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून हे नाव पडलं. ज्या विजयदुर्गावरून आंग्र्यांचं आरमार समुद्रावर वचक ठेवायचं, त्याच विजयदुर्ग-मालवण किनाऱ्यासमोर, सुमारे १०५ किलोमीटर आत हे पठार आहे.

त्याची लांबी साधारण ४० किलोमीटर आणि रुंदी साधारण १५ किलोमीटर. म्हणजे मलकापूरहून निघून जवळजवळ कोल्हापुरात पोहोचेपर्यंत जेवढं अंतर जावं लागतं, तेवढं लांब. त्याचा सर्वांत उथळ भाग पाण्याखाली सुमारे २० मीटरवर आहे, तर कडा शेकडो मीटर खोल उतरतात.

शाळेच्या भूगोलात 'समुद्रबूड जमीन' आणि 'खंडान्त उतार' हे शब्द सगळ्यांनी वाचलेले असतात. किनाऱ्यापासून हळूहळू खोल होत जाणारा तळ म्हणजे समुद्रबूड जमीन. ती संपल्यावर तळ एकदम खोल जातो, तो खंडान्त उतार. आंग्रिया बँक समुद्रबूड जमिनीच्या बाहेरच्या टोकाकडे आहे. सह्याद्रीतला एखादा सडा डोळ्यांसमोर आणला, तर तिचा आकार लगेच कळतो. वर सपाट माथा आणि चारही बाजूंनी तुटलेल्या कडा.

हा माथा कायम पाण्याखाली नव्हता. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, पृथ्वीवरचं बरंच पाणी बर्फात अडकलं होतं. तेव्हा समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आज २० मीटर खोल असलेला माथा तेव्हा पाण्याच्या बराच वर होता. पुढे बर्फ वितळलं, समुद्र वर आला आणि पठार बुडालं.

प्रवाळ म्हणजे दगड, झाड की प्राणी?

मराठीत प्रवाळाला पोवळं म्हणतात. मंगळाचा खडा म्हणून अंगठीत बसवलेलं लाल पोवळं कुणाच्या ना कुणाच्या बोटात दिसतंच. ते सराफाकडे मिळतं म्हणून अनेकांना दगड वाटतं. समुद्रात त्याच्या फांद्या दिसतात म्हणून काहींना झाड वाटतं. प्रत्यक्षात ते एका प्राण्याच्या वसाहतीचा सांगाडा असतं.

हा प्राणी म्हणजे पॉलिप. अगदी छोटी, मऊ, नळीसारखी पिशवी. तिला वर एक तोंड आणि तोंडाभोवती स्पर्शिका. कठीण प्रवाळांचे पॉलिप समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेतात आणि स्वतःभोवती चुन्याचं कवच बांधतात. हजारो पॉलिप शेजारी शेजारी राहतात. जुने मरतात, त्यांच्या सांगाड्यावर नवे वाढतात. असं शेकडो-हजारो वर्षं चाललं की प्रवाळ खडक तयार होतो.

मालवणला स्नॉर्कलिंग करताना दिसणारे प्रवाळ उथळ, उबदार पाण्यातले असतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळाचे रंगही बऱ्याच अंशी या शैवालामुळे असतात. पाणी जास्त तापलं की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडतं, प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी राहतं. पाणी लवकर थंड झालं तर ते सावरतं, नाही तर मरतं. जगभर मोठ्या प्रमाणावर असं घडल्याची चौथी घटना एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केली.

अंधारातही प्रवाळ जगतात?

जगतात, आणि खूप. प्रवाळांच्या आजवर माहीत असलेल्या जातींपैकी निम्म्याहून अधिक जाती खोल, थंड पाण्यात राहतात. सराफाकडचं लाल पोवळंही मूळचं भूमध्य समुद्रातलं, अंधूक उजेडात राहणारं आणि शैवालाशिवाय जगणारं.

समुद्रात २०० मीटरच्या खाली प्रकाश जवळपास पोहोचत नाही. तिथल्या प्रवाळांच्या शरीरात शैवाल नसतं. मग ते खातात काय? वरच्या थरातून खाली पडत राहणारे मेलेल्या जिवांचे कण आणि प्रवाहाबरोबर येणारे सूक्ष्म प्लवक ते स्पर्शिकांनी पकडतात. म्हणून हे प्रवाळ पाण्याखालच्या टेकड्यांच्या माथ्यावर, कड्यांच्या काठावर, जिथे प्रवाह जोरात वाहतो तिथे जास्त आढळतात. एका जागी बसून खायचं असेल तर अन्न वाहून आणणारा प्रवाह हवाच.

खडक बांधणाऱ्या मुख्य थंड पाण्यातल्या प्रवाळांना साधारण ४ ते १२ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. त्यांची वाढ वर्षाला काही मिलिमीटर ते दोन-अडीच सेंटीमीटर इतकीच. काही जाती तर त्याहूनही कितीतरी हळू वाढतात. हवाईजवळच्या खोल समुद्रातल्या एका काळ्या प्रवाळाचं वय ४,२०० वर्षांहून जास्त निघालं. म्हणजे ते वाढू लागलं तेव्हा सिंधू संस्कृतीची शहरं नांदत होती.

असे प्रवाळ किती पसरलेले असू शकतात, हे अलीकडेच कळू लागलंय. नॉर्वेजवळ २००२ मध्ये सापडलेला रॉस्ट प्रवाळ खडक ३०० ते ४०० मीटर खोलीवर आहे आणि त्याची लांबी ३५ किलोमीटरहून जास्त आहे. गॅलापागोस बेटांजवळ ४०० ते ६०० मीटर खोलीवरचा जिवंत प्रवाळ खडक २०२३ मध्ये पाणबुडीतून गेलेल्या शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा पाहिला. आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यासमोरच्या ब्लेक पठाराचा नकाशा प्रसिद्ध झाला. तिथे सुमारे ५०० किलोमीटर लांब आणि ११० किलोमीटर रुंद पट्ट्यात ८३,९०८ प्रवाळ टेकड्या मोजल्या गेल्या. खोल समुद्रातली ही आजवरची सर्वांत मोठी प्रवाळ वसाहत.

अरबी समुद्रात थंड पाण्यातले प्रवाळ आहेत का?

भारताजवळच्या खोल समुद्रातले प्रवाळ पहिल्यांदा नीट अभ्यासले गेले ते सव्वाशे वर्षांपूर्वी. मुंबईच्या गोदीत १८८१ मध्ये 'इन्व्हेस्टिगेटर' नावाचं सर्वेक्षण जहाज बांधलं गेलं. त्यावर एक डॉक्टर असायचा. खलाशांवर उपचार करणं हे त्याचं काम, आणि उरलेल्या वेळात समुद्रतळातून वर आलेल्या जिवांची नोंद ठेवणं हेही त्याचंच. अशाच एका डॉक्टरने, आल्फ्रेड अल्कॉकने, या जहाजाने गोळा केलेल्या खोल समुद्रातल्या कठीण प्रवाळांवर १८९८ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेव्हा कॅमेरा नव्हता आणि सोनारही नव्हतं. लोखंडी चौकटीची जाळी तळावर ओढायची आणि त्यात काय आलं ते बघायचं, एवढीच पद्धत.

नंतर १९३३-३४ मध्ये 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजावरून सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली अरबी समुद्राची मोठी पाहणी झाली. या मोहिमेला काही ठिकाणी मधल्या खोलीवरचा तळ जवळपास ओसाड आढळला. त्यामागचं कारण अरबी समुद्राच्या स्वभावात आहे.

मान्सूनच्या वाऱ्यांमुळे खोलातलं पोषक पाणी वर येतं. वर प्लवकांची प्रचंड वाढ होते. ते मेले की खाली पडतात आणि कुजतात. कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. उत्तरेला जमीन असल्यामुळे ताज्या, ऑक्सिजनयुक्त पाण्याचा पुरवठाही कमी. त्यामुळे साधारण १५० ते १,२०० मीटरच्या दरम्यान ऑक्सिजन अतिशय कमी असलेला जाड थर तयार झालाय. जगातल्या सर्वांत तीव्र थरांपैकी हा एक.

म्हणजे अरबी समुद्रात अडचण अशी, की थंड पाण्यातल्या प्रवाळांना आवडेल तशी खोली बऱ्याच ठिकाणी नेमकी या कमी ऑक्सिजनच्या थरात येते. मग तिथे काहीच नसेल असं समजायचं का? तसंही नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अंगोलासमोर जर्मन संशोधकांना अतिशय कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही थंड पाण्यातले प्रवाळ खडक वाढताना दिसले. तिथे भरपूर अन्न मिळत असल्यामुळे ते तग धरतात, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. म्हणूनच भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या खोल कडा तपासणं महत्त्वाचं ठरतं.

आंग्रिया बँकेच्या माथ्यावरचे प्रवाळ उबदार पाण्यातले आहेत, थंड पाण्यातले नाहीत. पण माथ्यावरून कडेने खाली उतरत गेलं की प्रकाश कमी होत जातो. साधारण ३० ते १५० मीटरच्या अंधूक पट्ट्यात प्रवाळांच्या जाती बदलू लागतात आणि त्याच्याही खाली पूर्ण अंधार असतो. एकाच पठारावर उजेडापासून अंधारापर्यंतचा हा प्रवास तपासता येतो.

शास्त्रज्ञ तिथे जाऊन काय करतात?

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२० च्या सुरुवातीला आंग्रिया बँकेवर एक मोठी संशोधन मोहीम झाली. त्यात वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया, महाराष्ट्र वन विभागाचं कांदळवन प्रतिष्ठान आणि कोचीचं सागरी सजीव संसाधन व परिस्थितिकी केंद्र एकत्र आले होते. हे केंद्र केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली येतं आणि 'सागर संपदा' हे १९८४ मध्ये डेन्मार्कमध्ये बांधलेलं संशोधन जहाज तेच चालवतं.

अशा मोहिमेत पहिलं काम नकाशाचं. जहाजाखालचं सोनार तळाकडे ध्वनिलहरी सोडतं. त्या परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. शेतात पट्टे मारावेत तसं जहाज पुढे-मागे फिरतं आणि तळाचा उंच-सखल नकाशा तयार होतो.

मग पाण्याची तपासणी. एक यंत्र दोरीने खाली सोडलं जातं. ते वेगवेगळ्या खोलीवरचं तापमान आणि क्षारता मोजत जातं. त्याच्याबरोबरच्या बाटल्या हव्या त्या खोलीवर बंद होऊन तिथलं पाणी वर आणतात.

उथळ भागात स्कूबा डायव्हर उतरतात. ठरावीक लांबीची पट्टी तळावर अंथरून तिच्या बाजूला किती जिवंत प्रवाळ, किती मेलेलं, किती मासे याची मोजणी होते. पण दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब हवेच्या दाबाएवढा वाढत जातो. त्यामुळे माणसाला मर्यादा येतात. साधारण ४० मीटरच्या खाली दूरनियंत्रित यंत्र पाठवावं लागतं. केबलने जहाजाला जोडलेलं हे यंत्र दिवा आणि कॅमेरा घेऊन खाली जातं आणि शास्त्रज्ञ जहाजावर बसून पडद्यावर तळ पाहतात.

एक साधी युक्तीही वापरली जाते. चौकटीला कॅमेरा आणि पुढे माशांचे तुकडे भरलेली पिशवी बांधून ती तळावर ठेवायची. वासाने कोणते मासे येतात ते कॅमेऱ्यात टिपलं जातं. माणूस पाहून पळणारे मोठे मासे अशा वेळी बिनधास्त समोर येतात.

आंग्रिया बँकेला एक नैसर्गिक फायदा आहे. कोकणातल्या नद्या पावसाळ्यात समुद्रात गाळ आणतात आणि किनाऱ्यालगतच्या प्रवाळांवर तो बसतो. आंग्रिया बँक किनाऱ्यापासून इतकी लांब आहे की तो गाळ सहसा तिथवर पोहोचत नाही. पाणी स्वच्छ राहतं, प्रकाश खोलवर जातो.

मग धोका कशाचा?

पहिला धोका तळावरून ओढल्या जाणाऱ्या जाळ्यांचा. ट्रॉलरचं जड जाळं प्रवाळांवरून एकदा गेलं तरी शेकडो वर्षांत वाढलेल्या फांद्या काही मिनिटांत मोडतात. नॉर्वेने हे अनुभवलंय. तिथल्या ३० ते ५० टक्के प्रवाळ खडकांना ट्रॉलिंगची झळ बसली असावी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. त्यानंतर १९९९ मध्ये सुला या प्रवाळ खडकावर तिथल्या सरकारने तळाच्या ट्रॉलिंगला बंदी घातली. तुटून समुद्रात राहिलेली जाळीही प्रवाळांना गुंडाळून बसतात.

दुसरा धोका तापणाऱ्या समुद्राचा. माथ्यावरच्या प्रवाळांना उष्णतेचा फटका बसतो. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की पाण्याची आम्लता वाढते आणि चुन्याचं कवच बांधणं अवघड होतं. हा त्रास उथळ आणि खोल दोन्ही प्रवाळांना होतो.

आणि तिसरी अडचण कायद्याची. शाहूवाडीच्या उदाहरणावरून ती चटकन समजते.

शाहूवाडीच्या उत्तरेला चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे, जे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तालुक्यातल्याच विशाळगड परिसराला राज्य सरकारने संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिलाय. हे सगळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली झालं. समुद्रातही हा कायदा चालतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये याच कायद्याने झालं. पण त्याची हद्द आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचं पाणी हा प्रादेशिक समुद्र. अभयारण्य फक्त त्यातच करता येतं.

आंग्रिया बँक त्याच्या चौपटीहून लांब आहे. ती भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात येते, जे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत पसरलंय. तिथे राज्य सरकारचा अधिकार चालत नाही. म्हणून सागरी क्षेत्रांविषयीच्या १९७६ च्या केंद्रीय कायद्याखाली आंग्रिया बँकेला 'निर्देशित क्षेत्र' म्हणून संरक्षण मिळावं, असा मार्ग महाराष्ट्राने पुढे केला. तो अधिकार केंद्राचा आहे. कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून स्थान आहे. म्हणजे प्रवाळाची जात संरक्षित, पण ते जिथे वाढतं ती जागा तशीच मोकळी, असा हा पेच.

मच्छीमारांचं काय?

नकाशावर रेघ ओढली की तिची किंमत कुणीतरी मोजतं, हे चांदोलीतून उठलेल्या गावांना वेगळं सांगायला नको. समुद्रातही तोच प्रश्न येतो. आंग्रिया बँकेसारख्या जागी मासे जमतात, म्हणून बोटी तिथे जातात. बंदी आली तर कुणावर? छोट्या बोटीवर की मोठ्या ट्रॉलरवर? गळाने मासे पकडण्यावरही, की फक्त तळाच्या जाळ्यावर? इतक्या लांब जाऊन लक्ष कोण ठेवणार? याची उत्तरं मच्छीमारांना विचारल्याशिवाय काढली तर ती कागदावरच राहतात.

दुसरी बाजूही आहे. प्रवाळांच्या कपारीत माशांची पिल्लं आसरा घेतात आणि मोठे मासे अंडी घालतात. प्रवाळ मोडले की मासेही कमी होतात. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवण्यामागेही हाच विचार आहे, माशांना वाढायला वेळ मिळावा. आंबा घाट चढून मलकापूरच्या बाजारात येणारा सुका बांगडा आणि बोंबील शेवटी याच समुद्रातला असतो.

पुढे काय बघायचं?

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली. त्यातून चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था 'मत्स्य ६०००' ही तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेणारी पाणबुडी विकसित करतेय. या मोहिमेचा एक भाग खनिजांचा शोध आहे आणि एक भाग खोल समुद्रातल्या जिवांचा अभ्यास. दोन्ही कामं एकाच तळावर होणार असल्यामुळे कुठे काय जगतंय याची यादी आधी तयार होणं गरजेचं आहे. नॉर्वेमध्ये बरेचसे प्रवाळ मोडल्यानंतर नकाशे झाले. आंग्रिया बँकेच्या खोल कडांबाबत तो क्रम उलटा ठेवण्याची संधी अजून हातात आहे.

आंग्रिया बँकेची बातमी पुढच्या वेळी दिसली तर तीन गोष्टी तपासता येतील. केंद्राने 'निर्देशित क्षेत्र' जाहीर केलं का? तळाच्या ट्रॉलिंगबद्दल त्यात नेमकं काय लिहिलंय? आणि ते ठरवताना सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या मच्छीमारांशी बोलणं झालं का? या तिन्हींची उत्तरं मिळाली की ते पठार खरंच वाचतंय का, हे कळेल.